चिमट्याच्या बेअरिंगची शंभर वर्षं

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी गाडी भलतीकडे वळवली होती, ते इथे सरळ केलंय. हेडफोन हाताशी नसतील तर वाचा, आणि ऐकून झालं असेल तर आकडे पुन्हा बघायला उपयोगी पडेल.

विषय छोटा वाटेल: मोटारसायकलच्या मागच्या चिमट्याचं झिजलेलं बेअरिंग घरी कसं काढायचं. पण हे बेअरिंग काढणं एवढं अवघड का झालं, याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की काम करताना हात कुठे सांभाळायचा तेही कळतं. म्हणून आधी इतिहास, मग पाने-हातोडी.

चिमटा म्हणजे नेमकं काय?

मागचं चाक दोन लांब हातांच्या मध्ये धरलेलं असतं. त्या हातांना इंग्रजी नाव स्विंगआर्म, आणि गॅरेजमधलं नाव चिमटा. चिमट्याचं पुढचं टोक गाडीच्या सांगाड्याला एका जाड बोल्टने जोडलेलं असतं. खड्डा आला की चाक वर जातं, चिमटा त्या बोल्टभोवती फिरतो आणि शॉकअप दाबला जातो. दाराला जशी बिजागरी, तसा चिमट्याला हा सांधा. आपलं आजचं बेअरिंग याच सांध्यात बसलेलं आहे.

एक प्रयोग करा. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक मागून दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. सगळं घट्ट हवं. कट-कट असा बारीक हादरा हाताला लागला तर आधी चाकाची बेअरिंग तपासा. ती ठीक असतील आणि चिमटाच हलत असेल, तर हा भाग तुमच्यासाठीच आहे.

पहिली तीस-चाळीस वर्षं: स्प्रिंग नकोच!

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकली. पुढे स्प्रिंग लवकर आली, पण मागचं चाक थेट सांगाड्याला बांधलेलं. धक्के सोसायचं काम सीटखालच्या स्प्रिंगांचं आणि बसणाऱ्याच्या पाठीचं.

कल्पना कुणाला सुचली नव्हती असं नाही. अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने १९१३ मध्येच मागचं चाक हलत्या फोर्कमध्ये बसवून त्याला पानांच्या स्प्रिंगा, म्हणजे आपल्या ट्रकला असतात तशा पाट्या, लावल्या होत्या. तरीही पुढची कित्येक वर्षं बहुतेक कारखाने मागच्या स्प्रिंगपासून लांबच राहिले. रेसवाले तर म्हणायचे, मागे स्प्रिंग लावली की गाडी वळणावर शेपूट हलवते.

आणि ते खोटं बोलत नव्हते. हिशोब करून बघू. चिमटा अर्धा मीटर लांब आहे, आणि सांध्यातल्या दोन बेअरिंगमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. एका बाजूचं बेअरिंग पाव मिलीमीटर पुढे सरकलं आणि दुसऱ्या बाजूचं पाव मिलीमीटर मागे. पाव मिलीमीटर म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांची जाडी. एवढ्यानेच एक्सलपाशी चाक सव्वा मिलीमीटर बाजूला जातं आणि टायरच्या मागच्या कडेला दोन मिलीमीटर. वेगात वळताना दोन मिलीमीटर इकडे, दोन तिकडे. चालवणाऱ्याला वाटतं, मागून कुणीतरी ढकलतंय.

म्हणजे अडचण स्प्रिंगची नव्हतीच. स्प्रिंग तर बैलगाडीच्या काळापासून माहीत. अडचण होती सांध्याची. वर-खाली मोकळा फिरेल, पण आडवा केसभरही हलणार नाही, असा सांधा बनवणं आणि तो तसाच टिकवणं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

चार सेकंदांनी बदललेलं मत

१९२८ साली दोन ठिकाणी या सांध्यावर गंभीरपणे काम झालं. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने त्रिकोणी आकाराच्या मागच्या फोर्कचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या व्हिन्सेंट गाड्यांमध्ये या सांध्याला टेपर रोलर बेअरिंग आली, ज्यांतली ढील वेळोवेळी घट्ट करता येते. त्याच वर्षी इटलीत, कोमो सरोवराकाठच्या मांडेल्लो गावी, मोटो गुझ्झीने मागे स्प्रिंग असलेली गाडी काढली. संस्थापक कार्लो गुझ्झीचा भाऊ ज्युसेप्पे ती घेऊन थेट नॉर्वेत, उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेला. म्हणून त्या गाडीचं नावच पडलं ‘नॉर्ज’, नॉर्वेजियन भाषेत ‘नॉर्वे’.

पण लांबचा प्रवास वेगळा आणि रेस वेगळी. रेसवाल्यांचं मत बदललं १९३५ मध्ये, आइल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टीटी शर्यतीत.

तिथे सगळे एकदम सुटत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने एकेक गाडी सोडतात आणि शेवटी वेळ मोजतात. आधीची चार वर्षं ही शर्यत नॉर्टनने जिंकली होती, मागे स्प्रिंग नसलेल्या गाड्यांवर. त्यांतली दोन वर्षं नॉर्टनवर बसून जिंकणारा होता डब्लिनचा स्टॅन्ली वुड्स. १९३५ मध्ये मात्र वुड्स मोटो गुझ्झीवर होता, आणि त्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती.

सात फेऱ्या, मिळून २६४ मैल. नॉर्टनचा जिमी गथ्री आधी सुटलेला, त्यामुळे आधी पोचला. लोक त्याचं अभिनंदनही करायला लागले. शेवटच्या फेरीआधी वुड्स पेट्रोलला थांबणार असं नॉर्टनवाल्यांनी धरलं होतं, कारण गुझ्झीची माणसं पेट्रोलची तयारी करताना दिसत होती. वुड्स थांबलाच नाही, सरळ निघून गेला. वेळ मोजली तेव्हा तो चार सेकंदांनी पुढे निघाला. २६४ मैलांत चार सेकंद! १९११ नंतर पहिल्यांदाच ही शर्यत ब्रिटिश नसलेल्या गाडीने जिंकली. १९११ ची ती गाडी कुठली होती? इंडियन.

एकट्या स्प्रिंगमुळे वुड्स जिंकला असं कुणी म्हणू नये, तो चालवायचाच तसा. पण “मागे स्प्रिंग असली की गाडी वळत नाही” हे वाक्य त्या दिवसानंतर कुणी छातीठोकपणे म्हणू शकलं नाही. पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या रेसच्या गाड्यांनाही मागे स्प्रिंगा आल्या.

सांधा टाळण्याचे खटाटोप

गंमत म्हणजे बऱ्याच कारखान्यांना स्प्रिंग हवी होती, पण सांधा नको होता. म्हणून मधला मार्ग निघाला: प्लंजर. चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या, त्यांत स्प्रिंगा, आणि एक्सल त्यांत वर-खाली सरकणार. चिमटा नाही, त्यामुळे सांधाही नाही. चेकोस्लोव्हाकियात १९४६ ची जावा पेराक अशीच होती. पण चाक जेमतेम थोडं हलायचं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्या झिजायच्या नाहीत.

ट्रायम्फने त्याहून धाडसी प्रकार केला. त्यांनी स्प्रिंगा थेट मागच्या चाकाच्या हबमध्येच कोंबल्या. या ‘स्प्रंग हब’मधल्या स्प्रिंगा इतक्या ताकदीने दाबलेल्या असतात की खास जिगशिवाय हब उघडला तर त्या गोळीसारख्या बाहेर येतात. जुन्या ट्रायम्फवाल्यांमध्ये आजही नव्या माणसाला पहिली ताकीद हीच मिळते. घरी दुरुस्ती करता येत नाही अशा वस्तूचं हे ठळक उदाहरण. १९५४ पासून ट्रायम्फनेही ते सोडून चिमटा घ्यायला सुरुवात केली.

तोवर दोन गाड्यांनी निकाल लावला होता. पहिली आपल्या ओळखीची. फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्लंडच्या कोलमोर ट्रायल स्पर्धेत रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले, चिमटा आणि तेलाचे शॉकअप लावून. चिखल-दगडांच्या ट्रायलमध्ये मागे स्प्रिंग असली तर चाक पकड सोडेल, असा तेव्हा समज होता. त्याच वर्षी इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात बुलेट होत्या. १९५० च्या दशकात भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट घेतली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. ‘चिमटा’ भारतात मुरला तो अशा गाड्यांबरोबर. जावासुद्धा १९६१ पासून म्हैसूरला बनायला लागली तेव्हा प्लंजर सोडून चिमट्यावर आलेली होती.

दुसरी गाडी नॉर्टन. बेलफास्टच्या मॅककँडलेस भावांनी तिच्यासाठी नवा सांगाडा आणि चिमटा केला. १९५० च्या टीटीमध्ये सीनियर आणि ज्युनियर, दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे. चालवून बघणाऱ्या हॅरल्ड डॅनियलला ती गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून सांगाड्याचं नाव पडलं ‘फेदरबेड’. तिथून पुढे वाद संपला.

सांध्याच्या आत काय घालायचं?

चिमटा ठरला, पण सांध्यात घालायचं काय यावर चार उत्तरं आली. तुमच्या गाडीत यांतलंच एक असणार.

पहिलं, पितळी किंवा ब्राँझचा बुश. साधा, स्वस्त, लेथवर कुणीही करून देतो. अट एकच: वेळच्या वेळी ग्रीस.

दुसरं, रबरी बुश. दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये रबर घट्ट बसवलेलं. यात घासणं नाहीच, रबर फक्त पिळलं जातं आणि परत येतं. सायलेंटब्लॉक या ब्रँडवरून आपल्याकडे ‘सायलेंट बुश’ हा शब्द आला. ग्रीस लागत नाही, पण रबर म्हातारं होतं.

तिसरं, टेपर रोलर, व्हिन्सेंटसारखं. बीएमडब्ल्यूनेही हेच घेतलं. उत्तम, पण महाग आणि नीट सेट करावं लागतं.

चौथं नीडल बेअरिंग, आणि याची गोष्ट छान आहे. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये टॉरिंग्टन नावाचं गाव आहे. १८६६ मध्ये तिथे शिलाई मशीनच्या सुया बनवणारी कंपनी निघाली. सुया बनवता बनवता बारीक, गोल, अचूक पोलादी काड्या बनवण्यात तिचा हात बसला. पुढे टॉरिंग्टन हे नाव जगभर प्रसिद्ध झालं ते नीडल बेअरिंगसाठी: पातळ पोलादी वाटीत ओळीने बसवलेल्या सुया. जर्मनीत गेओर्ग शेफ्लरने १९४९ मध्ये या सुया पिंजऱ्यात अडकवून एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या. कमी जागेत भरपूर भार पेलणारं असं बेअरिंग चिमट्याच्या अरुंद सांध्याला आयतंच मिळालं.

ग्रीस निपल कुठे गेलं?

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या गाड्यांच्या माहिती-पुस्तिकेत चिमट्याच्या सांध्याला अमुक मैलांनी ग्रीस गन लावा असं लिहिलेलं असायचं. सांध्यावर छोटं निपल असायचं. मालकाने रविवारी गन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायची, झालं. पाच मिनिटं.

१९७३ मध्ये यामाहाने मोटोक्रॉसच्या रेसमध्ये एकच शॉकअप असलेला चिमटा आणला. मूळ कल्पना बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्सची. त्याच वर्षी त्या गाडीवर स्वीडनचा हाकान अँडरसन २५० सीसीचा विश्वविजेता झाला. १९८० च्या आसपास होंडा, कावासाकी आणि सुझुकीने चिमटा आणि शॉकअपच्या मध्ये लिंकेज घातलं. आराम वाढला, पण एका सांध्याचे तीन-चार सांधे झाले, आणि तेही चिखल उडतो तिथेच.

आणि नेमक्या याच काळानंतर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांवरून ग्रीस निपल हळूहळू दिसेनासं झालं. त्याजागी रबरी सील आले. कारखान्यात ग्रीस भरायचं, सील लावायचं, मालकाने बघायची गरज नाही. सर्व्हिसचा खर्च कमी, ग्राहक खूश. पहिल्या काही वर्षांत हे खरंही असतं.

पण चिमटा किती फिरतो बघा. चाक १० सेंटिमीटर वर गेलं तर अर्ध्या मीटरच्या चिमट्याचा कोन बदलतो जेमतेम ११-१२ अंश. चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं, आतलं ग्रीस ढवळलं जातं. चिमट्यातली सुई मात्र पूर्ण फिरतच नाही. जन्मभर त्याच जागी थोडी पुढे, थोडी मागे. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही. त्यात आपला पावसाळा, त्यात वॉशिंग सेंटरवाल्याचा प्रेशरचा फवारा नेमका सीलवर. पाणी आत गेलं की निघायला वाट नाही. सुया गंजतात, आतल्या स्लीव्हवर ओळीने खाचा पडतात.

निपल गेल्यामुळे काळजी घ्यायची गरज संपली नाही. पाच मिनिटांचं काम दहा वर्षांनी पूर्ण दिवसाचं होऊन परत येतं, एवढंच.

आता काढायचं कसं?

हा दिवस नीट जावा म्हणून क्रम सांगतो. आधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, कारण काही गाड्यांत चिमट्याचा बोल्ट इंजिनमधूनही जातो. तो काढला की इंजिनाचा आधार सुटतो.

गाडी सांगाड्याखाली पक्का आधार देऊन उभी करा, चिमट्याखाली नाही. चाक, चेन, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडवा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. एबीएसची वायरही मोकळी करा.

मुख्य बोल्ट बहुधा गंजलेला असणार. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. ठोकायचंच झालं तर नट दोन-तीन आटे परत चढवा, म्हणजे बोल्टचं टोक फुलणार नाही, आणि मध्ये पितळेचा तुकडा धरा.

चिमटा बाहेर आला की सील काढा, आतली स्लीव्ह ओढा, आणि थांबा. बेअरिंग कडेपासून किती आत बसलंय ते मोजून लिहून ठेवा. नवं तेवढंच आत जायला हवं.

इथे हातोडी घेण्याचा मोह होतो. नको! बेअरिंगची वाटी पातळ आहे, चेचली जाईल, आणि ॲल्युमिनियमच्या चिमट्याचं भोक लंबगोल झालं तर नवं बेअरिंगही कधी घट्ट बसणार नाही. त्यापेक्षा उष्णता वापरा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २८ मिलीमीटरचं भोक ८० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०२५ मिलीमीटर जागा मिळते. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंग जेवढ्या घट्टपणावर बसवलेलं असतं त्याचा मोठा हिस्सा यात सुटतो. हीट गनने चारी बाजूंनी सारखं तापवा. उघडी ज्योत नको, रंग जातो आणि आतलं ग्रीस पेटू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालाच.

मग ओढायचं. थ्रेड रॉड, दोन नट, जाड वॉशर, बेअरिंगहून किंचित लहान सॉकेट एका बाजूला आणि बेअरिंग आत मावेल असा पाइप दुसऱ्या बाजूला. नट आवळत गेलं की सॉकेट बेअरिंगला पाइपात ढकलतं. भोक पलीकडून बंद असेल तर आतून पकडणारा पुलर लागतो. तो दोन-तीन जणांत मिळून घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजकडून मागा.

नवं बेअरिंग काही तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि त्याच थ्रेड रॉडने सरळ आत ओढा. ज्या बाजूला अक्षरं कोरलेली असतात त्या बाजूवरच जोर द्यायचा. स्लीव्हवर नखाला खाच लागत असेल तर तीही नवी घ्या, जुनी स्लीव्ह नव्या सुया खाईल. पाण्याने धुऊन न जाणारं ग्रीस भरपूर भरा, सील नवे लावा, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळा, चेनची ढील तपासा.

ज्यांच्या गाडीत सायलेंट बुश आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रबर जाळून काढू नका, धूर विषारी असतो. रॉडनेच किंवा प्रेसवर काढा. आणि चिमट्याचा मुख्य बोल्ट शेवटचा आवळा तो गाडी चाकांवर उभी असताना, माणूस बसल्यावर चिमटा जिथे येतो तिथे. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शेवटचं

मघाशी म्हटलं होतं, अडचण सांधा बनवण्याची आणि तो टिकवण्याची. बनवण्याचं अर्धं काम इंजिनिअरांनी केलं: व्हिन्सेंटने, गुझ्झीने, मॅककँडलेस भावांनी, सुया बनवणाऱ्या त्या कारखान्याने. टिकवण्याचं अर्धं काम पहिल्यापासून मालकाचं होतं, आणि निपल गेलं तरी ते मालकाचंच राहिलं.

मग एक सवय लावा. दर पावसाळ्यानंतर एकदा ते चाक धरून हलवा. जमलं तर दोन वर्षांतून एकदा चिमटा काढून ग्रीस भरा, बेअरिंग चांगलं असतानाच. तेव्हा ना हीट गन लागते, ना पुलर. आणि वॉशिंगला गेलात की फवारावाल्याला सांगा: “दादा, चिमट्याच्या बोल्टवर प्रेशर नको.” तो हसेल, हसू दे.

तुमच्या गाडीच्या सांध्यात बुश निघाला, रबर निघालं की सुया, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा, आणि हेल्मेटचा पट्टा लावा!